शीड नसलेल्या बोटी

बहरीन म्हणजे दोन समुद्र. अरबीत 'बहर' म्हणजे समुद्र, त्याचं हे द्विवचन. आता ज्या देशाच्या नावातच दोन-दोन समुद्र आहेत तिथे पंधरा वर्षे राहून आमचा समुद्राशी संबंध किती, तर कॉजवेवरून गाडी जाताना दोन्ही बाजूंना दिसणारा निळा पट्टा आणि शुक्रवारी मासळी बाजारात 'कनअद' नावाने मिळणारी आपली सुरमई. बस्स. बाकी आमचे आयुष्य ऑफिस, मुलांच्या शाळा, मॉल आणि मंडळाच्या तालमी यांत चालले होते. त्यात २०२५-२६ च्या हिवाळ्यात ह्यांचे वडील, म्हणजे आमचे नाना, तीन महिन्यांसाठी आले आणि आम्हाला सक्तीने समुद्र बघावा लागला.

नाना विजयदुर्गचे. वय एक्याऐंशी. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले, पण त्यांचे वडील फतेमारीवर तांडेल होते. मंगळुरी कौले, मीठ, काथ्या असला माल घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत जायचे. त्यामुळे नानांना व्याकरण जितके येते तितक्याच गाठी मारता येतात. आल्या दिवशीच खिडकीतून बाहेर बघून त्यांनी विचारले, "सूनबाई, बंदर कुठल्या बाजूला?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्हाला सिटी सेंटर कुठल्या बाजूला ते सांगता आले असते.

योगायोगाने त्याच आठवड्यात एका मरीनावर बोटींचे प्रदर्शन असल्याची जाहिरात आली. नाना खूश. माणशी तीन दिनार तिकीट (मुलांना अर्धे), वर पार्किंगपासून भर उन्हात दहा मिनिटे चालायचे. पण हौसेला मोल नाही, म्हणून आम्ही पाचही जण नटूनथटून गेलो. नानांनी टोपी घातली होती.

तिथे काय होते म्हणाल, तर पांढऱ्याशुभ्र फायबरच्या बोटी ओळीने उभ्या. साबणाच्या वड्या मांडाव्यात तशा. प्रत्येकीच्या शिडीला दोरी बांधलेली आणि 'कृपया चढू नये' असा फलक. एकीकडे इंजिने मांडलेली, त्यांच्या अश्वशक्तीचे आकडे लिहिलेले. कॉफीचा स्टॉल होता, तो मात्र जोरात चालला होता. लोक म्हणाल तर आम्ही पाच, आणखी दोन-चार कुटुंबे, आणि बाकी सगळे स्टॉलवाले. स्टॉलवालेच एकमेकांच्या स्टॉलवर जाऊन गर्दी करत होते! मुले अर्ध्या तासात कंटाळली. धाकट्या ओंकारने दोरीखालून पाय आत टाकला तर रखवालदार धावत आला.

नाना मात्र एकेका बोटीपुढे उभे राहून तिचा तळ वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "सगळं छान आहे रे, पण यांना शीड कुठे आहे?"

शेजारच्या स्टॉलवरचा मुलगा हसला. तो निघाला मंगळूरचा. कोकणी आणि मालवणी यांची सोयरीक जुळायला वेळ लागत नाही. पाच मिनिटांत त्याने नानांना बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि आपले दुःख सांगितले. तीन दिवसांत एक गिऱ्हाईक नाही. स्टॉलचे भाडे डोक्यावर. ज्याला खरोखर बोट घ्यायची तो दुबईला जाऊन घेतो, आणि ज्याला घ्यायची नाही तो इथे फोटो काढून जातो. तेही हल्ली येत नाहीत. "काका, लोकांनी यावं म्हणून काय करावं हो? फुगे लावले, गाणी लावली, लकी ड्रॉ ठेवला."

नाना म्हणाले, "आमच्याकडे बोटी बघायला बोलवावं लागत नाही."

हे एवढे बोलून ते गप्प बसले. पण घरी येताना गाडीत त्यांनी जे सांगितले त्यामुळेच हा लेख लिहायला घेतला.

त्यांनी सांगितली ती नारळी पौर्णिमा. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. श्रावण आला की त्यांना तेलपाणी होते, रंग होतो, नाळेवर पताका लागतात. पौर्णिमेला अख्खे गाव बंदरावर. वाजतगाजत नारळ नेऊन दर्याला द्यायचा आणि मग होड्या पाण्यात लोटायच्या. जाहिरात नाही, तिकीट नाही. म्हातारीकोतारी कडेवर नातवंडे घेऊन उभी. का? तर त्या होडीत कुणाचा मुलगा आहे, कुणाचा नवरा आहे, कुणाचे कर्ज आहे! नानांच्या लहानपणी मुंबईची बोट यायची तेव्हाही असेच. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट खाडीच्या तोंडाशी दिसली की शाळा आपोआप सुटायची. गावातल्या प्रत्येक घराचा एक माणूस गिरणीत, त्यामुळे बोटीतून कोण उतरते ते बघायला सगळे बंदरावर. "बोट बघायला कोण जातं? बोटीतलं माणूस बघायला जातात."

हे वाक्य आमच्या डोक्यात बसले. आणि पुढच्याच शुक्रवारी त्याचा पडताळा चक्क मुहर्रकमध्ये आला.

नानांना निदान एक तरी लाकडी गलबत दाखवायचेच म्हणून आम्ही सकाळी राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. १९८८ साली उघडलेले हे संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहुणे आल्यावरच पाहिले असेल. (आम्हीही त्यांतलेच.) तिथे जमिनीवर बहरीनचा आकाशातून काढलेला भलामोठा फोटो आहे, मुले त्यावर लोळून आपली बिल्डिंग शोधतात. दिलमूनच्या काळातले दफनाचे टेकाड आत जसेच्या तसे मांडले आहे. दिलमूनच्या गोल मुद्रा बघताना नानांना आठवले की अशा आखाती धाटणीची मुद्रा आपल्याकडे गुजरातेत लोथलला सापडली आहे. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीही आपली माणसे या बेटावर येत-जात होती, आणि तीही व्हिसाशिवाय.

पण नाना रमले ते मोत्यांच्या दालनात. पाणबुड्याची सगळी आयुधे तिथे आहेत. नाकाला लावायचा चिमटा, त्याला 'फिताम' म्हणतात. बोटांना कातडी अंगुस्तान, कारण शिंपला हाताला ब्लेडसारखा कापतो. पायाला बांधायचा दगड आणि गळ्यात अडकवायची जाळीची पिशवी. दगडाच्या वजनाने झर्रकन तळाशी जायचे, दम आहे तोवर हाताला येतील ते शिंपले गोळा करायचे आणि दोरी हलवायची. वर बसलेला 'सैब' ओढून घेणार. पाणबुड्याचा जीव त्या सैबाच्या हातात. दिवसाला पन्नास-पन्नास बुड्या, पोटात जेमतेम चार खजूर, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. उन्हाळाभर, म्हणजे जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, हा हंगाम चाले. लॉरिमरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखाताचे जे गॅझेटियर लिहिले त्यात बहरीनच्या मोत्यांच्या बोटी नऊशेच्या वर नोंदवल्या आहेत. एवढ्याशा बेटावर नऊशे! घरटी एक तरी पुरुष समुद्रावर असणार.

आणि सापडलेली मोती जायची कुठे, तर मुंबईला. इथले व्यापारी मोसम संपला की मोती घेऊन मुंबईत उतरत. मोत्यांचा भाव ज्या 'चव' नावाच्या मापाने ठरे तेही आपल्याकडचेच माप इथे चालायचे. १९१२ साली पॅरिसचा जाक कार्तिए स्वतः मोत्यांसाठी बहरीनला आला, कारण मुंबईच्या बाजाराला वळसा घालून थेट उगमापाशी खरेदी करावी असा त्याचा विचार. पुढे जपानची कल्टर्ड मोती आली, १९२९ ची जागतिक मंदी आली आणि धंदा बसला. १९३२ साली इथे तेल लागले. समुद्रावरची माणसे तेलाच्या विहिरीवर गेली, आणि एका पिढीत बोटी किनाऱ्याला लागल्या त्या लागल्याच.

संग्रहालयाच्या धक्क्यावरून आम्ही गेलो त्या दिवशी लहानशी बोट बू माहिर किल्ल्याकडे जात होती. (जाणार असाल तर वेळ आधी विचारून घ्या.) मुहर्रकच्या दक्षिण टोकाचा हा किल्ला आणि त्याच्या जवळची थोडीशी वाळू, एवढाच भाग भरावाच्या कामातून नैसर्गिक किनारा म्हणून उरला आहे. मोत्यांच्या बोटी इथून सुटत. २०१२ साली युनेस्कोने बहरीनच्या मोत्यांच्या परंपरेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात समुद्रातली शिंपल्यांची तीन क्षेत्रे, हा किनारा, हा किल्ला आणि मुहर्रकच्या गल्ल्यांतल्या सतरा इमारती आहेत. त्या सगळ्यांना जोडणारी सुमारे साडेतीन किलोमीटरची पायवाट आहे. वाटेत मोत्यासारखे गोल पांढरे दिवे उभे आहेत, त्यांच्या मागोमाग चालत राहायचे. नानांनी ती निम्मी चालून दाखवली. आम्ही निम्म्यात बसलो.

बसलो ते एका चहाच्या दुकानात. 'करक' चहा म्हणजे आपलाच कडक चहा, फक्त ड चा र झालेला. शेजारच्या बाकावर एक वृद्ध बहरीनी गृहस्थ जपमाळ ओढत बसले होते. नानांच्या टोपीकडे बघून त्यांनी विचारले, "बॉम्बे?" नाना म्हणाले, "बॉम्बेच्या खाली. रत्नागिरीच्याही खाली." त्यावर ते गृहस्थ हिंदीत बोलायला लागले! त्यांचे वडील मुंबईला मोती विकायला जात. ते स्वतः लहान असताना इथे रुपये चालत, हे त्यांनी आमच्या मुलांना सांगितले तेव्हा मुलांना खोटे वाटले. पण खरेच आहे. १९६५ साली बहरीनी दिनार आला तो दहा रुपयांना एक या हिशोबाने. आज तो हिशोब काय आहे ते आपण दर महिन्याला पैसे पाठवताना आनंदाने बघतो.

मग दोघा म्हाताऱ्यांची शब्दांची देवाणघेवाण सुरू झाली. आम्ही नुसते ऐकत होतो. बटाट्याला ते 'आलू' म्हणतात, सरळ जायला 'सीदा', पंख्याला 'बंका', चष्म्याला 'कशमा' आणि पैशाला 'बेजात', म्हणजे पैसेच. नाना म्हणाले, सागाच्या लाकडाला काय म्हणता? 'साज'. बोटीच्या धन्याला? 'नोखदा'. नाना उडालेच! "अरे, हा तर आमचा नाखवा!" आपल्या कोळ्यांत नाखवा हे आडनावसुद्धा आहे. फारसीतला 'नाव-खुदा', नावेचा स्वामी. एका किनाऱ्यावर त्याचा नोखदा झाला, दुसऱ्यावर नाखवा. नाना बोटीचे प्रकार सांगू लागले: मचवा, फतेमारी, पडाव, गुराब, बगला. 'बगला' म्हणताच ते गृहस्थ टाळी देऊन म्हणाले, "बगला! बगला!" आणि टेबलावर सांडलेल्या चहात बोटाने त्यांनी एकेक आकार काढायला घेतला. नाळ सरळ उभी, ती जालबूत. मोत्याला हीच बोट जास्त. दोन्हीकडे निमुळती, ती बूम. मागे नक्षीदार सपाट पिछाडी, ती बगला. ज्या प्रदर्शनासाठी आम्ही बारा दिनार खर्च केले त्याहून चांगले प्रदर्शन शंभर फिल्सच्या चहात झाले.

आमच्या मुलीने, अस्मीने, त्यांना विचारले, "तुमच्या लहानपणी बोटी परत यायच्या तेव्हा काय व्हायचं?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी लहान होतो, धंदा तेव्हा जवळजवळ संपला होता. पण आई सांगायची." मोसम संपून बोटी परत येण्याच्या दिवसाला 'गुफ्फाल' म्हणत. बायकामुले किनाऱ्यावर जमत, समुद्राला गाणी म्हणत. आता पुरे, आमची माणसे परत दे, अशी विनवणी करत. बोटी दिसल्या की प्रत्येक जण आपल्या बोटीचा झेंडा शोधायचा. काहींना तो दिसायचा. काहींच्या बोटीतून बातमी यायची.

नाना आमच्याकडे वळून म्हणाले, "बघ. नारळी पौर्णिमाच ही. उलट्या बाजूने."

तर मंडळी, त्या मंगळूरच्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. बोटींच्या प्रदर्शनाला लोक का येत नाहीत? हा एकट्या बहरीनचा रोग नाही. लंडनचे बोट प्रदर्शन केवढे नावाजलेले! १९५० च्या दशकात भरायला लागले. पुढे ते शहराच्या मध्यातून उचलून पूर्वेकडच्या मोठ्या हॉलमध्ये नेले. शेवटी शेवटी दहा दिवसांचे पाच दिवसांवर आले आणि २०१८ च्या जानेवारीत भरले ते शेवटचे. २०१९ चे रद्दच केले. पण त्याच इंग्लंडात साउदॅम्प्टनचे प्रदर्शन, १९६९ पासूनचे, टिकून राहिले. तिथे बोटी पाण्यात असतात. मग म्हणाल, पाणी हवे एवढेच ना? तर तसेही नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला, समुद्रापासून लांब, ऐन जानेवारीच्या थंडीत बंद हॉलमध्ये प्रदर्शन भरते, तेही १९६९ पासूनच, आणि त्याला दोन लाखांच्या वर माणसे येतात. कारण तिथे हॉलमध्ये तलाव केलेले असतात. बुडी मारून बघा, लाटेवर उभे राहून बघा, पोरांना लहान होडीत बसवा. थोडक्यात, तिथे 'कृपया चढा' असा फलक असतो.

आपल्या शेजारी दुबईचे बोट प्रदर्शन १९९२ पासून आहे आणि ते श्रीमंतांचे आहे. त्याला आमच्यासारख्यांची गरज नाही, आणि आम्हाला त्याची. पण त्याच दुबईत १९९१ पासून शिडाच्या बोटींची एक शर्यत होते. सर बू नइर बेटापासून दुबईपर्यंत, पन्नास सागरी मैलांहून जास्त. साठ फुटी लाकडी बोटी, पांढरी शिडे, यंत्र नाही. तिचे नाव काय आहे ठाऊक आहे? 'अल गफ्फाल'. तेच ते, घरी परत येणे! दोह्याला कतारा येथे २०११ पासून पारंपरिक बोटींचा महोत्सव भरतो. तो पुठ्ठ्याच्या देखाव्याचा नसतो. दोर वळणारे, जाळी विणणारे, शीड शिवणारे प्रत्यक्ष काम करत बसलेले असतात. आणि आपल्या बहरीनमध्येही सागरी वारशाच्या स्पर्धा होतात. वल्हवण्याच्या, दम धरून बुडी मारण्याच्या, दोरीने मासे धरण्याच्या. या शेवटच्या खेळाला 'हदाग' म्हणतात. आपण त्यांच्या बातम्या वाचतो आणि पान उलटतो.

आता आम्हाला काय वाटते ते सांगतो. पटले नाही तर सोडून द्या.

या बेटावर बोटींची सगळ्यात जास्त जाण कुणाला असेल? जो इथल्या मच्छीमार धक्क्यावर काम करतो त्याला. आणि त्यातले कितीतरी आपल्याच देशाचे आहेत. केरळचे, तमिळनाडूचे. ज्यांचे बापजादे समुद्रावर गेले असे आपल्या कोकणातले कितीतरी जण इथे कंपन्यांत वेल्डर, फिटर आहेत. शुक्रवारी त्यांना सुट्टी असते. तीन दिनार देऊन ते पांढऱ्या बोटी बघायला येणार नाहीत, कारण तीन दिनार म्हणजे त्यांची दिवसभराची कमाई. पण त्यांना शर्यतीत वल्हे द्या, गाठी मारायची स्पर्धा लावा, जाळे फेकायला सांगा. ते येतील, त्यांच्या खोलीतले आठ जण ओरडायला येतील, आणि त्यांचा जल्लोष ऐकून फ्लॅटमधली कुटुंबे खाली उतरतील. गर्दी गर्दीला बोलावते. बोटीत आपले माणूस बसले पाहिजे, मग बोट लाकडाची असो की फायबरची.

हे आपल्या मंडळाला ठाऊक नाही असे थोडेच आहे? गणपतीत मोठ्यांचे गंभीर नाटक ठेवले की पुढच्या दोन रांगा सोडून हॉल रिकामा, आणि बालनाट्यात चाळीस पोरे झाडे-ढग म्हणून उभी केली की उभे राहायला जागा नाही. ढगाचेसुद्धा आईवडील असतात.

मात्र एक गोष्ट लकी ड्रॉने सुटणारी नाही. मुहर्रकच्या किनाऱ्यालगत लाकडी बोटी बांधण्या-दुरुस्तीची जागा आहे, तिथे आम्ही नानांना घेऊन गेलो. एकच बोट चढवलेली होती आणि तिच्यावर दोन सुतार, दोघेही कच्छकडच्या मांडवीचे. इथले जुने 'गल्लाफ', म्हणजे बोटी बांधणारे कारागीर, नकाशा काढत नसत. आधी फळ्यांचा बाहेरचा साचा उभा करायचे आणि मग आतल्या फासळ्या त्यावर बेतायच्या. माप डोळ्यात. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा. नानांनी त्या लाकडावरून हात फिरवला आणि वास घेतला. "मुशीचं तेल," ते म्हणाले. विजयदुर्गलाही हेच लावत. आम्ही सुतारांना विचारले, तुमची मुले हे काम करतात का? थोरला म्हणाला, "बेटा अहमदाबाद में कंप्यूटर पे बैठता है." त्याच्या आवाजात दुःख नव्हते. अभिमान होता. आमचाही मुलगा कंप्यूटरवर बसावा अशीच आमची इच्छा आहे, तेव्हा त्याला आम्ही काय बोलणार?

नाना इथे असतानाच ती कौंडिण्यची बातमी आली. तुम्हीही वाचली असेल. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून भारतीय नौदलासाठी गोव्यात एक जहाज बांधले. खिळा न वापरता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर यांनी ते शिवले. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते नौदलात आले, २९ डिसेंबरला पोरबंदरहून शिडावर निघाले आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोचले. इंजिन नाही. नाना रोज सकाळी ओंकारला उठवून विचारायचे, "आज कुठवर आलं?" ओंकार फोनवर शोधायचा, भिंतीवरच्या नकाशावर टाचणी पुढे सरकवायचा. अभ्यासाला न उठणारा पोरगा जहाजासाठी साडेपाचला उठत होता. वारा पडल्याची बातमी आली त्या दिवशी दोघेही नीट जेवले नाहीत. मस्कतला जहाज लागले तेव्हा आमच्या घरात शिरा झाला. त्या जहाजात आमचे कुणी नव्हते, खरे म्हणजे. पण टाचणी आमची होती.

नाना जायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही एका ओळखीच्या मच्छीमाराच्या बोटीतून हदागला गेलो. काठी नाही, नुसती दोरी आणि गळ. दोरी तर्जनीवर धरायची आणि माशाचा हिसका बोटाला कळला पाहिजे. अस्मीला दोन 'साफी' मिळाले, ह्यांना उन्हाने डोके दुखणे मिळाले. नाना सुकाणूपाशी बसले होते. परतताना मच्छीमाराने न बोलता सुकाणू त्यांच्या हातात दिले आणि स्वतः जाळे आवरायला गेला. सुमारे दहा मिनिटे आमची बोट एक्याऐंशी वर्षांच्या शाळामास्तरांनी चालवली. धक्का जवळ आला तेव्हा तिथे उभी असलेली माणसे हात हलवू लागली. बहुधा दुसऱ्या कुणाला तरी हलवत असतील. नानांनी टोपी काढून हलवली.

मंडळाच्या सभेत आम्ही सुचवले आहे की येत्या नारळी पौर्णिमेला सगळ्यांनी समुद्रावर जावे. आक्षेप लगेच आला: ऑगस्टमध्ये बहरीनच्या किनाऱ्यावर उभे राहील कोण? खरे आहे. पहाटे पाचला गेलो तरी घामाने नारळासारखे सोलून निघू. मग कुणी म्हणाले, नोव्हेंबरात करू. कुणी म्हणाले, नोव्हेंबरात दिवाळीचा कार्यक्रम असतो. चर्चा चालू आहे. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी द्यावीत, म्हणजे निदान बोट किती मोठी लागेल ते कळेल.

नानांचा परवा फोन आला होता. तब्येतीची चौकशी झाली, आंब्याच्या मोहोराची झाली. मग म्हणाले, "त्या मंगळूरच्या पोराची एखादी तरी बोट खपली का गं?" तो आम्हाला मागच्या महिन्यात भेटला होता, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. हल्ली तो एअरकंडिशनर विकतो. धंदा बरा आहे म्हणाला.